पायवाटेची निगा

डोंगरातली पायवाट पायांनी बनते आणि पाण्याने मोडते. ही गोष्ट मला दरवर्षी नव्या मुलांना सांगावी लागते. वाट दुरुस्त करायची म्हटले की मुले विळा-कोयता घेऊन आधी आडव्या आलेल्या फांद्यांकडे धावतात. फांदी वाकून चुकवता येते. पावसाने वाटेच्या मधोमध पाडलेली घळ मात्र चुकवता येत नाही.

गेली काही वर्षे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही पंधरा-वीस जण खानापूर तालुक्यात, भीमगड अभयारण्याच्या काठाने जाणाऱ्या एका पायवाटेवर जातो. बरोबर कॉलेजची मुले-मुली, दोन-चार पालक आणि वनखात्याचा एक माणूस असतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा. त्यानुसार अभयारण्यात परवानगीवाचून शिरता येत नाही, मग कुदळ चालवणे तर दूरच. त्यामुळे आधी अर्ज, मग परवानगी आणि मगच फावडे, हा आमचा क्रम ठरलेला आहे.

आमच्या तालुक्याचे एक वैशिष्ट्य वाचकांना ठाऊक असेलच. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेकडे वळते आणि कुडलसंगमला कृष्णेला मिळते. भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला गोव्यात उतरते आणि तिथे मांडवी होते. तालुका एकच, पण एक पाणी बंगालच्या उपसागराला जाते, दुसरे अरबी समुद्राला. पाणी फक्त उतार ओळखते. दुरुस्तीच्या कामात हे सतत ध्यानात ठेवावे लागते. पाण्याला वाटेवरून बाजूला जायला उतार दिला नाही, तर ते वाटेलाच ओढा करून टाकते.

म्हणून आमचे निम्मे काम पाण्याचेच असते. वाटेला दरीच्या अंगाने किंचित उतार द्यायचा. चढावर ठरावीक अंतराने दगडांची तिरकी ओळ जमिनीत पुरायची, म्हणजे पाणी तिला अडून बाजूला उतरते. चढ जितका उभा, तितक्या या ओळी जवळजवळ. मे महिन्याअखेर त्यांच्या तोंडाशी साचलेला पाचोळा आणि माती काढायची. पावसाळ्यात एकदा छत्री घेऊन जायचे आणि पाणी कुठून वाहते ते नुसते पाहायचे. पावसात अर्धा तास उभे राहिल्यावर जे कळते, ते उन्हाळ्यात दिवसभर फिरूनही कळत नाही.

चिखल झाला की माणसे वाटेच्या कडेने चालतात. कडेचे गवत तुडवले जाते, तिथेही चिखल होतो आणि माणसे आणखी बाहेर सरकतात. दोन फुटांची वाट अशी पाहता पाहता सहा फुटांची होते. वळणावर कुणी सरळ खाली उतरण्याचा जवळचा मार्ग काढला, तर पुढच्या पावसात तिथे घळ पडते. अशा ठिकाणी आम्ही वाळकी काटेरी झुडपे आणि दगड टाकून ती फट बंद करतो. रानमोडी फुलण्यापूर्वी मुळासकट उपटतो, कारण तिचे बी वाऱ्याबरोबर उडते.

देखरेखीसाठी एक जाड वही आहे. काही ठरलेल्या दगडांपाशी टेपने वाटेची रुंदी मोजायची, त्याच जागी उभे राहून त्याच दिशेने फोटो काढायचा, पडलेले झाड दिसले तर नोंद करून वनखात्याला कळवायचे. झाड आपण तोडायचे नाही. गव्याचा किंवा अस्वलाचा माग दिसला तर तोही लिहायचा आणि आवाज कमी करायचा. वहीत मराठी आणि कन्नड दोन्ही अक्षरे आहेत. कुणी पायवाट लिहितो, कुणी कालुदारी. रुंदीचा आकडा दोघांचा सारखाच यावा लागतो.

वाटेवर पाटी कोणत्या भाषेत लावायची, असे एका मुलाने विचारले होते. आपल्या भागात हा प्रश्न चेष्टेत विचारला तरी चेष्टेचा राहत नाही. मी म्हटले, वाट नीट राखली तर पाटी लागणारच नाही. कॉलेजचे नाव दगडावर रंगवू का, यालाही उत्तर नाहीच होते.

एका उभ्या चढावर पायऱ्या कराव्यात असे मुलांच्या मनात होते. वरच्या वस्तीवरच्या एक आक्का गवताचा भारा घेऊन उतरत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, पायऱ्या नको हं. डोक्यावर भारा असला की पाय कुठं पडतो ते दिसत नाही. उतारच बरा." आम्ही तिथे एक वळण वाढवून उतार सौम्य केला. आम्ही महिन्यातून एकदा येणारे, त्या रोजच्या. वाटेवर पहिला हक्क त्यांचा.

खरा पेच वेगळाच आहे. वाट चांगली झाली की गर्दी वाढते. धबधब्याचा एक व्हिडिओ फिरला की पुढच्या रविवारी मोटारसायकलींची रांग लागते आणि मागे बाटल्या उरतात. मग आपण रान राखतो आहोत की गर्दीला रस्ता करून देतो आहोत? यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे: काही वाटा राखायच्या आणि काही वाटा बुजू द्यायच्या. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत रॉटन या नावाने ओळखले जाणारे, मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ राहते. कित्येक वर्षे जगात त्याचे हे एकच ठिकाण माहीत होते. माणसांचा गोंगाट आणि विजेऱ्यांचा उजेड त्याला सोसत नाही. मुलांनी कितीही आग्रह केला तरी तिकडे मी त्यांना नेत नाही. भीमगड २०११ साली अभयारण्य झाले ते आपल्या सहलींसाठी नव्हे. गोव्याचे म्हादई अभयारण्य आणि दांडेलीकडचे काळी व्याघ्र प्रकल्पाचे रान यांच्यामध्ये जनावरांना येण्याजाण्याचा हा दुवा आहे.

पालक विचारतात, "सर, याचे मार्क मिळतात का?" राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरावे लागतात. त्यात हे तास धरले जातात, एवढेच मी सांगतो. बाकीचे सांगून पटत नाही. ज्या मुलीने मे महिन्यात एका ओळीचे दगड बसवले, ती जुलैत भिजत उभी राहून पाणी त्या ओळीपाशी वळताना पाहते. तेव्हा ती काही बोलत नाही, पण ऑगस्टमध्ये पुन्हा येते.

यंदा कुणाला यायचे असेल तर जरूर यावे. पायांत जुने बूट, पाठीवर पाण्याची बाटली आणि घरात असेल तर एक विळा, एवढे पुरे. स्पीकर मात्र घरीच ठेवावा.