जुनें जपावें कीं बदलावें ?

आमच्या घरीं एक जुनी प्रीमियर पद्मिनी मोटार आहे. ती माझ्या कैलासवासी वडील बंधूंनीं, म्हणजे आमच्या दादांनीं, १९८९ सालीं घेतली. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं उभारलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत, इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें, ह्या गाड्या तयार होऊं लागल्या. पद्मिनी हें नांव त्यांना पुढें १९७४ च्या सुमारास मिळालें. आतां त्या निघत नाहींत. मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीनेंहि २०२३ च्या ऑक्टोबरांत निरोप घेतला. साकीनाक्याच्या आमच्या दारांत मात्र ही गाडी घरांतील एखाद्या वृद्ध माणसासारखी आहे, आणि दादांच्या मागें तिची काळजी वाहण्याचें काम मजकडे आलें आहे.

गेल्या आषाढांत एका सायंकाळीं वहिनींना व दोघां नातवंडांना घेऊन मी घरीं परतत होतों. साकीनाक्याच्या चौकांत, मेट्रोच्या पुलाखालीं, तांबडा दिवा लागला म्हणून गाडी उभी केली. पाय ब्रेकवर घट्ट होता. परंतु पायाखालचें पेडल हळूहळू खालीं जाऊं लागलें, आणि किंचित् उतारावरून गाडी बोटबोटभर पुढें सरकूं लागली. पुढच्या स्कूटरवर मागें बसलेलें एक लहान मूल मान वळवून आमच्याकडे पाहत हंसत होतें. मीं हातब्रेक ओढला, गाडी थांबली. मूल हंसतच राहिलें. माझ्या तळहातांना मात्र घाम फुटला होता. मीं कोणास कांहीं बोललों नाहीं.

दुसऱ्या दिवशीं खैरानी रस्त्यावरील आमच्या नेहमींच्या मिस्त्रींकडे गेलों. त्यांनीं पाहून सांगितलें, "मास्तर, मास्टर सिलिंडर गेला." हा भाग म्हणजे बिडाचें एक नळकांडें. पेडल दाबलें कीं त्यांतील दट्ट्या पुढें सरकतो व ब्रेकचें तेल चारी चाकांकडे लोटतो. दट्ट्यावर रबराच्या वाट्या असतात. त्या झिजल्या, किंवा नळीच्या आंतल्या अंगास गंजाचे खड्डे पडले, म्हणजे तेल कडेनें मागें निसटतें. बाहेर एक थेंबहि गळत नाहीं, आणि पेडल मात्र बुडत जातें. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें, म्हणून तें दोन वर्षांनीं बदलावें. मीं तें पांच वर्षें बदललें नव्हतें. दोष कोणाचा हें वेगळें सांगावयास नको.

मार्ग तीन होते. नुसतीं रबरें बदलणें हा सर्वांत स्वस्त. पण खडबडीत नळींत नवें रबर पुन्हां कापलें जावयाचें. दुसरा, नळी लेथवर कातून तींत पितळेचें अस्तर बसविणें. तिसरा, सगळा भागच नवा घेणें. तो मूळ कारखान्याचा नव्हे, तर दुसऱ्यांनीं केलेला मिळतो. माझा कल अर्थातच अस्तराकडे होता. मी जन्मभर मास्तरकी केलेला मनुष्य; खडू नखाएवढा होईपर्यंत टाकला नाहीं. शिवाय त्या नळकांड्यानें वर्षानुवर्षें दादांच्या पायाचा भार सोसला होता. संस्कृत व्याकरणांत आगम हा मित्रासारखा व आदेश हा शत्रूसारखा समजतात : आगम मूळ वर्णाच्या शेजारीं येऊन बसतो, आदेश त्याला उठवून त्याची जागा घेतो. मला येथें मित्रच हवा होता.

मिस्त्री म्हणाले, "मास्तर, तुमच्या स्टार्टरचे कार्बन झिजलेत, तेवढे नवे घालून तोच चालवून देतों. बंद पडला तर गाडी दारांत उभी राहील, एवढेंच. पण हा भाग बंद पडला तर गाडी उभी राहणार नाहीं." चांगल्या हातचें अस्तर टिकतें, हें त्यांनीं कबूल केलें, पण तसा हात आतां त्यांच्या माहितींत उरला नव्हता. मग मीं कुर्ल्याच्या बाजारांतून जुना, मूळ भाग आणण्याची गोष्ट काढली. तेव्हां ते हंसले. ज्या ब्रेकचा पूर्वेतिहास ठाऊक नाहीं, तो फुकट मिळाला तरी घेऊं नये, असें त्यांचें मत पडलें.

घरीं येऊन वहिनींना विचारलें. गाडी आधीं त्यांची. भाजी निवडतां निवडतां त्या म्हणाल्या, "भावोजी, ह्यांनीं शेवटच्या दहा वर्षांत चष्मा चारदां बदलला, कवळी दोनदां. म्हणून हे कांहीं दुसरे कोणी झाले नाहींत. आणि काल पुढें तें पोर होतें. मीं पाहिलें."

त्यांनीं पाहिलें होतें ! जें मीं रात्रभर मनांत दडवून ठेविलें, तें त्यांना ठाऊक होतें. आदेश हा बहुतेक कार्यांत मूळ स्थानीसारखाच मानावा, ज्याच्या जागीं तो आला त्याचे अधिकार त्याला मिळावेत, असें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे. मीं तें कितीदां शिकविलें असेल. वहिनींनीं तें चष्म्यावरून सांगितलें.

नवा भाग बसविला, तेलहि बदललें. स्टार्टर जुनाच आहे. पावसाळ्यांत तो कधीं कधीं रुसतो, आणि मग शेजारचे तरुण गाडी ढकलावयास येतात. ह्या अनुभवावरून मीं एक नियम बांधला आहे. जो भाग बिघडला म्हणजे गाडी थांबते, त्याची डागडुजी खुशाल करावी. जो बिघडला म्हणजे गाडी थांबत नाहीं, तेथें मन घट्ट करून पैसे मोजावेत. काटकसर हा गुण खरा. पण तिचा तोटा आपल्याच पदरीं पडणार असेल तोंवर. तो रस्त्यावरच्या परक्या मुलाच्या पदरीं पडावयाचा असेल, तर त्या गुणाला दुसरें नांव द्यावें लागेल.