पाव टाकी पेट्रोल

चौदा हजार रुपये. तीन वर्षं झाली, तरी तो आकडा आठवला की अजून डोकं तापतं.

आमची अ‍ॅम्बेसेडर १९८६ची, मार्क ४. मूळचं १४८९ सीसीचं इंजिन दोनदा बोअर करून झालं, तरी धूर थांबेना. म्हणून हिंदुस्थान मोटर्सच्याच नंतरच्या गाडीचं १८१७ सीसीचं इसुझू एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनवालं, इंजिन पाच गिअरच्या बॉक्ससकट बसवलं. माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट, आरटीओची परवानगी, आरसीवर नवा इंजिन नंबर, सगळं रीतसर झालं.

पण पसरणी घाटात पाचगणीकडे चढताना उजवं वळण घेतलं, की इंजिन बंद. धक्का नाही, आचका नाही; लाइट जावी तसं. मागे एसटी, शेजारी आई घट्ट दांडा धरून बसलेली. पुन्हा किल्ली फिरवली की लगेच चालू!

एका इलेक्ट्रिशियननं गाडी चालवून न बघता, नुसतं बॉनेट उघडून सांगितलं, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला. चौदा हजार घेऊन दुसरा बसवला. पुढच्याच रविवारी त्याच वळणावर गाडी बंद. परत गेलो, तर म्हणतो, आता वायरिंग बदला. पैसे गेले त्यापेक्षा त्याची ती बेफिकिरी जास्त लागली. माणसं घाटात अडकतात हो!

खरं कारण बायकोनं पकडलं. "अहो, टाकी फुल असली की कधीच बंद पडत नाही."

कार्ब्युरेटरला स्वतःची वाटी असते. वळणावर टाकीतलं पेट्रोल एका बाजूला हिंदकळलं, पंपानं क्षणभर हवा ओढली, तरी वाटीतल्या पेट्रोलवर इंजिन निभावून नेतं. इंजेक्शनला ती वाटीच नाही. पाइपात हवा शिरली, प्रेशर पडलं, की संपलं. आमची टाकी उघडली, तर आत पेट्रोल हिंदकळू न देणारा एकही आडपत्रा नव्हता.

एका वयस्कर मिस्त्रींनी डिकीत लिटरभराची सर्ज टाकी बसवली. एक पंप ती सतत भरतो, दुसरा तिच्या तळातून इंजिनाला देतो, जादा पेट्रोल मोठ्या टाकीत परत जातं. कुणी असं इंजिन बदलणार असेल, तर आधी टाकी आणि पाइप बघा. जुना रबरी पाइप ठेवूच नका; तो तीन-चार पीएसआयवर वाढलेला, इथे चाळीसच्या वर असतं.

आता घाट निर्धास्त चढतो. जुन्या इंजिनाच्या ज्या कार्ब्युरेटरला थंडीत रोज सकाळी शिव्या घातल्या, तो विकायला काढला होता. गिऱ्हाईक दारात आलं. देण्याआधी वाटी उघडली, आतला फ्लोट बोटानं वर-खाली करून पाहिला, आणि गिऱ्हाइकाला परत पाठवलं.