शिवाजी पार्कचा कट्टा

सेवानिवृत्त झाल्यापासून थंडीचे दोन महिने मी दादरास धाकट्या बंधूंकडे राहावयास जातों. प्रातःस्नान आटोपलें कीं शिवाजी पार्कास एक प्रदक्षिणा घालावयाची व कट्ट्यावर टेकावयाचें, हा माझा नेम. वाट एक किलोमीटरहून थोडी अधिक. गुडघे कुरकुरूं लागतात तोंच ती संपते.

हें मैदान ज्या नगररचनेंत जन्मलें तिच्या मुळाशीं एक महासंकट आहे. १८९६ सालीं मांडवींत प्लेग उद्भवला आणि लाखों लोक मुंबई सोडून पळाले. १८९८ सालीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्तींत वारा खेळावा म्हणून त्यानें रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. कोंदट हवेनें प्लेग होतो ही समजूत चुकीची होती. तो पसरतो उंदरांवरील पिसवांमुळें. निदान चुकलें, पण औषध गुणकारी निघालें! पाडलेल्या खोल्यांतील पुष्कळ गरिबांना मात्र त्या नव्या वसाहतींत जागा मिळाली नाहीं. पुढें १९२५ सालीं म्युनिसिपालिटीनें हें सुमारें २८ एकरांचें मैदान लोकांस खुलें केलें. प्रथम तें माहीम पार्क. १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहानें त्यास आजचें नांव मिळालें.

गेल्या पौषांत शेजारच्या कांहीं मंडळींनीं एक अर्ज तयार केला. बाहेरच्यांची गर्दी फार होते. सबब मैदानास कुंपण घालून फाटक बसवावें, असा आशय. शुद्धलेखनासाठीं तो मजकडे आला. मीं चार चुका काढिल्या, एक संस्कृत वचन घातलें आणि सहीही केली.

दुसरा दिवस रविवार. बंधूंकडे धुणेंभांडें करणाऱ्या बाई मैदानांत दिसल्या. बरोबर आठ-नऊ वर्षांचा, बारीक पायांचा मुलगा. धारावीहून अर्ध्यापाऊण तासाची वाट चालून दोघें आलीं होतीं.

“अण्णा, याचीं हाडं कच्चीं आहेत. डॉक्टर म्हणाले, अंगाला ऊन लागूं द्या. आमच्या गल्लींत ऊन दुपारीं येतं आणि घटकाभरांत जातं.”

“पण तुमच्या शेजारींच निसर्ग उद्यान आहे ना?” मीं विचारिलें. कचराभूमीवर वृक्ष लावून १९९४ सालीं खुलें केलेलें तें ३७ एकरांचें वन धारावीस अगदीं लागून आहे. तें मीं मोठ्या कौतुकानें पाहिलें होतें.

“आहे कीं! पण तें झाडं बघायला. चेंडू खेळायचा तर इथंच. इथं दार नाहीं, कुणी विचारीत नाहीं.”

एकर मोजण्याची विद्या आम्हांस पुष्कळ अवगत आहे. घरापासून पावलें किती, आणि कामावरून सुटलेल्या माणसास तेथें प्रवेश आहे कीं नाहीं, हें नकाशावर कोण लिहितो? आमच्या बिऱ्हाडास गच्ची आहे, सज्जा आहे. शिवाय मैदानही आमच्याच दारीं.

सायंकाळीं मीं अर्ज परत मागवून माझी सही खोडली. बंधू म्हणाले, “अण्णा, आतां शेजाऱ्यांस तोंड कसें दाखवूं?” दोन दिवस त्यांनीं मजशीं अबोला धरिला.