आधी ऐकावे, मग लिहावे

गेल्या स्नेहसंमेलनानंतर दहावीतील एका विद्यार्थ्याने आम्हांस विचारले, "सर, वर्तमानपत्रांत गाण्याविषयी लिहावयाचे असेल तर काय शिकावे?" प्रश्न लहान होता, परंतु त्याने आमच्या एका जुन्या अपराधाची आठवण जागी केली.

आम्ही तेव्हा नुकतेच शिक्षक झालो होतो. पेटीवर दोनचार चिजा वाजविता येत. एवढ्या भांडवलावर एका साप्ताहिकासाठी सकाळच्या बैठकीचा वृत्तांत लिहिला. गवईबुवांनी भूप बरा रंगविला, मात्र वरचे स्वर फिके वाटले, असा शेरा आम्ही ठोकून दिला. तबलजींचे नाव राहूनच गेले. अंक निघाल्यावर ते वृद्ध तबलजी आमच्या बिऱ्हाडी आले. "मास्तर, तुम्ही कोठे बसला होतात?" एवढेच त्यांनी विचारले. आम्ही दाराशी, जोड्यांच्या राशीजवळ बसलो होतो व मध्यंतरापूर्वीच उठलो होतो! ते शांतपणे म्हणाले, "तो भूप नव्हे, देशकार. आणि बुवांना ताप होता. शब्द दिला होता म्हणून गायले." स्वतःच्या नावाविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. त्या मौनाने आम्ही अधिकच ओशाळलो.

भूप व देशकार या दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच शुद्ध स्वर. परंतु भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरीचा व त्याचा वादी गंधार. देशकार सकाळचा व त्याचा वादी धैवत. स्वर तेच, वजन निराळे. नुसते स्वर मोजणारास राग कळत नाही, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

ज्यांनी या विषयावर मराठीत अधिकाराने लिहिले, त्यांनी आधी साधना केली होती. 'एकलव्य' या नावाने लिहिणारे केशवराव भोळे स्वतः गात व चाली बांधीत. 'माझा संगीत व्यासंग' लिहिणारे गोविंदराव टेंबे नामांकित पेटीवादक होते. वामनराव देशपांडे यांचा व्यवसाय हिशेबतपासनिसाचा. तरी त्यांनी गाण्याची रीतसर तालीम घेतली, आणि 1961 साली त्यांचा 'घरंदाज गायकी' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

म्हणून ज्या मुलामुलींस ही हौस असेल, त्यांनी रोज थोडे तरी एकाग्रतेने ऐकावे. हातावर ताल धरावा. त्रितालाच्या 16 व एकतालाच्या 12 मात्रा मोजून सम केव्हा येते ते ओळखावे. वहीत वेळ, स्थळ, राग, चीज व साथीदारांची नावे टिपावी. शंका असल्यास बैठक संपल्यावर कलावंतांस नम्रपणे विचारावे. त्यात कमीपणा नाही. 'बहारदार', 'अवीट' अशी विशेषणे उधळण्यापेक्षा कानांनी काय टिपले ते सांगावे. दोष दिसल्यास तोही लिहावा, परंतु कारणासह व शेवटपर्यंत बसून. कलावंताची अनेक वर्षांची मेहनत आपण चार ओळींत तोलीत असतो, याचा विसर पडू नये. पालकांसही विनंती की, मुले गाणे ऐकत बसली तर तो काळ वाया गेला असे समजू नये.

त्या तबलजींना निरोप दिल्यावर आम्ही संपादकांस पत्र लिहून आपली चूक कबूल केली व त्यांचे नाव छापविले. गाण्याविषयी आमच्या हातून घडलेले पहिले खरे लेखन तेच होय.