नववीचा पहिला तास

अनुदानित शाळेत मुख्याध्यापक होण्यासाठी स्वतःला फारसं काही करावं लागत नाही; ज्येष्ठता यादीत आपल्या वर असलेल्यांनी निवृत्त व्हावं लागतं. १९८१ची सेवाशर्तींची नियमावली पदवी, बी.एड. आणि पाच वर्षांचा अनुभव मागते. त्यापुढचा कारभार यादीचा. एका महिनाअखेरीला खुर्ची रिकामी होते आणि कालपर्यंत बीजगणित शिकवणाऱ्या बाई दुसऱ्या दिवशी ‘हेडमॅडम’ होतात. माझंही असंच झालं.

खुर्चीत बसल्यावर कळतं की हिच्या हातात फारच थोडं आहे. शिक्षकांची भरती ‘पवित्र’ पोर्टलच्या वाटेने, पगार ‘शालार्थ’मधून, पाठ्यपुस्तकं पुण्याहून, दहावीची परीक्षा मंडळाची. शिक्षक किती ठेवायचे ते संचमान्यता ठरवते, संचमान्यता पटावर ठरते, आणि पटातही आधार जुळलेली मुलंच धरली जातात. समोर बसलेलं, पाढे म्हणणारं, डबा खाणारं मूल आधारच्या नावातल्या एका वेलांटीमुळे कागदावर नसू शकतं. एवढं सगळं वजा केल्यावर शिल्लक राहतं ते वेळापत्रक. कोणता शिक्षक, कोणत्या वर्गावर, कितव्या तासाला: एवढ्या एका गोष्टीला शिक्षणाधिकाऱ्यांची सही लागत नाही. शाळा चालवणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हा एकच कागद दाखवीन.

तो मी नागपूरच्या प्रताप नगरातल्या माझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर करते. उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा भरतात. आम्हा विदर्भवाल्यांना उन्हामुळे आठवडा-दोन आठवडे जास्त मिळतात. ते दिवस या कामाचे. कूलरच्या वाऱ्याने कागद उडतात म्हणून चार कोपऱ्यांवर चार वाट्या. पेन्सिल आणि खोडरबर हवंच. शाईने वेळापत्रक मांडणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

बाहेरून वाटतं, हे बेरीज-वजाबाकीचं काम आहे. विज्ञानाच्या दोन तुकड्या एकाच वेळी प्रयोगशाळेत यायला नकोत, मैदानावर दोन वर्ग नकोत, कुणाचेही सलग चार तास नकोत. हे संगणकही करतो, मिनिटात करतो. पण बुटीबोरीहून येणाऱ्या बाईंची बस पावसाळ्यात हमखास उशिरा येते, हे त्याला माहीत नसतं. मोठ्या सुट्टीनंतर खिचडी खाऊन सुस्तावलेल्या सहावीला व्याकरण झेपत नाही, पण तोच तास चित्रकलेला दिला तर वर्ग जागा राहतो, हेही नाही. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या ज्यादा तासासाठी ठेवलेली राखीव जागा, असं बरेच जण समजतात. माझ्याकडे तो तास कुणी मागू नये असा दंडक आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीत वाढीव गुण मिळतात, हे तर झालंच. पण नसते मिळत तरी दिला नसता.

वेळापत्रकात माणसाची श्रद्धा दिसते, हे मी शिकले ते इथून पाऊणशे किलोमीटरवरच्या एका गोष्टीतून. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. एका लहान गावातलं हायस्कूल, आणि देशाने काय शिकावं याचा विचार तिथे बसून चालला होता. पुढे झाकिर हुसेन समितीने जो आराखडा दिला त्यात साडेपाच तासांच्या दिवसाची चक्क वाटणी आहे: मूलोद्योगाला तीन तास वीस मिनिटं, मातृभाषेला चाळीस, संगीत-चित्रकला-अंकगणित मिळून चाळीस, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञानाला तीस, व्यायामाला दहा आणि सुट्टीला दहा. हाताने काम करून शिकावं असं म्हणणारे पुष्कळ असतात. त्याला दिवसातला निम्म्याहून जास्त वेळ काढून देणारे फार थोडे. पटो न पटो, त्या माणसांनी आपलं म्हणणं मिनिटांत मांडलं. (दहा मिनिटांच्या सुट्टीत एवढ्या मुलांनी पाणी प्यायचं कसं, हा प्रश्न मात्र मला सगळ्यात आधी पडला. मुख्याध्यापकाचं डोकं असंच चालतं.)

माझी श्रद्धा नववीवर आहे. व्यवस्थापनाची दहावीवर, पालकांची दहावीवर, फाटकाजवळच्या निकालाच्या फलकाचीही दहावीवर. त्यामुळे शाळेतला सगळ्यात चांगला शिक्षक दहावीला, हे न लिहिलेलं कलम सगळीकडे पाळलं जातं. पण जरा मुलाच्या बाजूने बघा. आठवीपर्यंत सरकार त्याला शाळेत जेवायला घालतं, पुस्तकं फुकट देतं, आणि २००९चा शिक्षण हक्क कायदा त्याला शाळेतून काढू देत नाही. नववीच्या पहिल्या दिवशी यातलं काहीच त्याच्या वाट्याला नसतं. मोठ्या सुट्टीत खिचडीचा वास नववीच्या वर्गातही येतो, ताट मात्र येत नाही. त्याच वयात हाताला जोर आलेला असतो. जयताळ्याची, हिंगणा रोडकडची पोरं. लग्नसराईत केटरर्सकडे वाढपी म्हणून गेलं की रात्रीचे पैसे हातात पडतात. सकाळी उठून शाळेत यायचं की नाही, हे ते पोरगं रोज नव्याने ठरवतं.

शाळेत पहिला तास वर्गशिक्षकाचा असतो, कारण हजेरी त्याने घ्यायची. म्हणजे नववीचा पहिला तास कुणाला द्यायचा हे ठरवलं की त्या मुलांचा माणूस ठरला. कोण तीन दिवस आलेलं नाही, कुणाच्या बापाची एमआयडीसीतली नोकरी गेली, कुणाच्या घरी सकाळी फोन करायचा, हे सगळं त्या पहिल्या पाच मिनिटांत असतं. तिथे मी शाळेतली सगळ्यात खमकी बाई ठेवते.

“मॅडम, काहून? माझा निकाल वाईट लागला का?” पहिल्या वर्षी तिने विचारलंच. दहावीवरून काढणं ही शिक्षकाला शिक्षा वाटते. कॉलनीत लोक विचारतात. मी म्हटलं, दहावीत आलेलं मूल पास होतंच गं, प्रश्न ते दहावीत येतं का याचा आहे. तिला पटलं नाही. दिवाळीपर्यंत रुसली होती. पटवून देण्याच्या फंदात मी पडलेही नाही. वेळापत्रक सगळ्यांना पटेल असं करायला गेलात तर होतच नाही.

आठवीचा शेवटचा तास मी एका परीक्षेच्या तयारीसाठी राखते. आर्थिक दुर्बल घटकांसाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा, सगळे एनएमएमएस म्हणतात ती, आठवीत होते आणि पैसे मिळतात नववी ते बारावी, वर्षाला १२,००० रुपये. जिथे ताट थांबतं नेमकं तिथून ही रक्कम सुरू होते. ही परीक्षा सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच असते. महागड्या इंग्रजी शाळेकडे नसलेली आणि आमच्याकडे असलेली ही एक गोष्ट. गंमत म्हणजे पालकांना हे कुणी सांगितलेलंच नसतं.

आता पट वाढवण्याचं. मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, मराठी शाळांचे शिक्षक मुलं शोधत दारोदार हिंडतात हे नागपुरात सगळ्यांना माहीत आहे. पट घसरला की तुकडी जाते, तुकडी गेली की कुणीतरी अतिरिक्त ठरतो, मग समायोजनात कुठेतरी पाठवला जातो. आमचे शिक्षकही असे हिंडतात, पत्रकं वाटतात, ऑटोचं भाडं स्वतःच्या खिशातून द्यायची तयारी दाखवतात. मला त्यांची दया येते आणि थोडा रागही. पाचवीत आलेलं मूल दिवाळीला दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचायला लागलं, तर त्याची आई शेजारणीला सांगतेच. म्हणून पाचवीच्या मराठीला नवखा शिक्षक नको, अनुभवी हवा. तुकडी वाचवायची तर ती मे महिन्यात वाचत नाही, आदल्या जुलैत वाचते.

यंदा गणिताचे सर ऑक्टोबरात निवृत्त होताहेत. जागा कधी भरेल याचा भरवसा नाही, म्हणून टेबलावर वेळापत्रकं दोन आहेत: एक ऑक्टोबरपर्यंतचं, एक त्यानंतरचं. खमक्या बाईंकडे तेव्हा दहावीचं बीजगणितही जाईल. दुसरं कुणी नाही. त्यामुळे दुसऱ्या कागदावर नववी ‘अ’च्या पहिल्या तासापुढे मी माझं नाव घातलंय. सकाळी त्या वेळी शिक्षणाधिकारी कार्यालयातून माहिती मागणारे फोन येतात, ‘आत्ताच्या आत्ता पाठवा’ म्हणून. लिपिकाला सांगून ठेवलंय, विचारलं तर बिनधास्त सांगा, मॅडम वर्गावर आहेत.