लखनऊहून आलेली वही

लखनऊची एक मैत्रीण आणि मी, स्वहस्ते बांधलेली एकेक वही दरवर्षी एकमेकींस टपालाने पाठवतो. ग्रंथांशी तिच्या शहराचे नाते जुने. मुन्शी नवलकिशोर यांचा १८५८ साली सुरू झालेला विख्यात छापखाना तेथलाच. माझा कागद असतो पुण्याच्या हातकागद संस्थेचा. १९४० साली स्थापन झालेल्या या संस्थेत सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद तयार होतो.

दुमडलेले कागद एकात एक घातले की त्याचा जुज होतो. दाभणाने भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने असे जुज एकमेकांस शिवायचे. खळीत चिमूटभर मोरचूद घातले की सहसा कसर लागत नाही. (मोरचूद विषारी असते, हात स्वच्छ धुवावेत.)

गेल्या वर्षीची तिची वही दिवंगत आईच्या चिकनकारी ओढणीत बांधलेली होती. हे कापड विरळ. खळ आरपार येऊन डाग पडतात. म्हणून तिने आतून पातळ कागदाचे अस्तर आधी चिकटवले होते. इतक्या निगुतीने केलेल्या वहीत लिहिण्यास माझा हात धजेना. हे कळताच तिचे पत्र आले, "ओढणी पेटीत पडून राहू नये, म्हणून तर कापली!"

यंदाच्या वहीच्या पहिल्या पानावर तिने स्वतःच शाईची एक वेडीवाकडी रेघ ओढून पाठवली. त्या रेघेखाली मी दूधवाल्याचा हिशेब मांडला. ओढणीच्या वहीत माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या, आठवतील तशा, उतरवीत आहे.