भेटीच्या खोलीबाहेर

वांद्रे स्थानकाच्या पूर्वेला उतरून रिक्षाने वांद्रे-कुर्ला संकुलात शिरले, की काचेच्या उंच इमारती दिसू लागतात. बँका, हिरे बाजार, मोठमोठ्या कचेऱ्या. आणि त्यांच्याच शेजारात मुंबईचे कुटुंब न्यायालय. गेल्या पावसाळ्यात माझ्या एका जुन्या रुग्ण आजींच्या सोबतीला मी तेथे गेलो. त्यांच्याबरोबर सात वर्षांचा नातू होता. विभक्त राहणाऱ्या वडिलांशी त्याची भेट ठरली होती.

प्रत्येक भेटीच्या आदल्या दिवशी या मुलाचे पोट दुखे. ताप, वारंवार उलट्या, शौचातून रक्त, घटणारे वजन किंवा झोपमोड करणारी वेदना असेल, तर मुलाला विनाविलंब तपासून घ्यावे. याला त्यांपैकी काही नव्हते. तपासण्या निर्दोष होत्या. दुखणे मात्र खरे होते.

भेटीच्या खोलीत खेळणी मांडलेली होती. वडील दिसताच मुलगा धावला, अर्ध्यावर थबकला आणि वळून त्याने आजीकडे पाहिले. त्या दृष्टीत मला निदान सापडले. घरी परतल्यावर आजी दर वेळी विचारीत, "काय म्हणत होते रे बाबा? आमच्याविषयी काही बोलले?" विचारणे मायेपोटीच; पण उत्तर देताना मुलाला दोहोंपैकी एकाचा पक्ष घ्यावा लागे.

1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे. मुलाची शाळा, आजारपण, सुट्या यांविषयी विभक्त आईवडिलांना एकमत करण्यास ते साहाय्य करतात. विधी आयोगाने 2015 च्या 257 व्या अहवालात लेखी पालकत्व आराखड्याचा विचार मांडला, तसा आजीआजोबांच्या सहवासाचाही. त्या सहवासाबरोबर आपली जबाबदारीही येते. समुपदेशक बाई आजींना एवढेच म्हणाल्या, "मोठ्यांचे निरोप मोठ्यांनीच पोहोचवावेत. मुलाला त्यात घालू नये."

परतताना आजींच्या ओठांवर नेहमीचा प्रश्न आला होता. मला तो दिसला. त्यांनी तो गिळला आणि विचारले, "भूक लागली का रे?"

मुलगा बराच वेळ रिक्षाबाहेर पाहत राहिला. मग आपणहून म्हणाला, "आजी, बाबांनी मला बुद्धिबळातला घोडा शिकवला."

"छान," आजी म्हणाल्या. "घरी गेल्यावर मलाही दाखव."

पोटदुखी एकदम थांबली नाही. पुढच्या काही महिन्यांत मात्र ती हळूहळू विरळ होत गेली.